सुतकातली शर्यत

वहिनी, उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. तू असतीस तर आधी हसली असतीस, मग हळद लावली असतीस, आणि पट्टी बांधून झाल्यावर पुन्हा एकदा हसली असतीस. काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, शेजाऱ्यांकडून त्यांना बसायला आणलेली कदेलं परत गेली. ओसरी एकदम मोठी दिसायला लागली आहे. मी तिच्या एका कोपऱ्यात बसलोय आणि खरं सांगतो, थकलोय. उत्सवाच्या नाटकात राजाचं काम करून तोंडावरचा रंग पुसताना जसं वाटतं, तसं. फक्त या वेळी रंग लावलाच नव्हता.

लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलून गेले. सगळे खोटं बोलले. 'शांत होती हो,' म्हणाले. 'कधी शब्दाला शब्द दिला नाही,' म्हणाले. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कुणाबद्दल बोलतायत? गोवा घटक राज्य झालं त्या साली तू कारापूरहून लग्न होऊन पेडण्याला आलीस. तेव्हा आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी चार पुरुष घसा फोडून वाद घालायचे, गोव्याची भाषा कोंकणी की मराठी. तू नवी नवरी, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. दारात येऊन म्हणालीस, "तुमचां ठरलां काय माका सांगा. तवसर जेवाण निवता." चारही पुरुष उठून पानावर बसले. शांत म्हणे!

मला आठवते ती धावणारी वहिनी. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सुतकाच्या घरात ते शोभलं नसतं. म्हणून मी बोलतो. तू ऐक. मधे बोलू नको, तुझ्या मधे बोलण्याने माझ्या चांगल्या चांगल्या गोष्टी फुकट गेल्या आहेत.

सगळं माझ्या साखरेवरून सुरू झालं. म्हापशाच्या दोतोराने मला रोज चालायला सांगितलं आणि मी ते अगदी मनावर घेतलं. रोज सकाळी स्कूटरने चोपड्याला जायचं, नदीच्या काठाने जरा पाय मोकळे करायचे, आणि मग पुलाजवळच्या टपरीत बसून भाजी-पाव खायचा. असं माझं चालणं महिनाभर चाललं. साखर वाढली. दोतोर बुचकळ्यात पडला. तू पडली नाहीस. एके सकाळी माझ्या आधी स्कूटरपाशी येऊन उभी राहिलीस. अंगात सलवार, पायांत दादाचे जुने कॅनव्हासचे बूट, बोटांशी कापूस कोंबलेला.

"तू खंय?" मी विचारलं.

"तुझ्यावांगडा. दोतोरान तुका चलाक सांगल्यान, पाव खावक नाय."

"वयनी, तुझो माझ्यार विश्वास नाय?"

"तुझ्या शर्टाचो वास येता भावजी. पातळ भाजयेचो."

त्या दिवसापासून टपरी सुटली. तू माझ्याबरोबर चालायला लागलीस, पण माझ्या चालीने तुझा जीव कंटाळला. 'तुझ्यापेक्षां आमची म्हस बेगीन चलता,' म्हणालीस आणि पळायला लागलीस. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, ओढणी कमरेला गुंडाळून, चोपड्याच्या नदीकाठाने सुसाट. जाळी विणत बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. मासळीची पाटी घेऊन येणारी एक बाई घाबरून ओरडली, "काय जालां गो? धावतंस कित्याक?"

तू न थांबता म्हणालीस, "दीर पळालो!"

दीर तुझ्या बराच मागे, झाडाला धरून उभा होता.

मग कारापूरहून बातमी आली. पणजीकडचे कुणी लोक डोंगरातली शर्यत ठेवणार होते, दिवाळीनंतर. एकवीस किलोमीटर. रस्त्यावरून नव्हे, रानातून, काजूच्या बागांतून, ओहोळातून, खाणीच्या डोंगरावरून. तुझ्या कुळारच्या डोंगरातून! आईबापाच्या गावावरून शर्यत जाते आणि तू घरात बसणार? तू आपलं नाव दिलंस. माझंही दिलंस. मला ते जेवताना कळलं. मी दादाकडे पाहिलं, म्हटलं मोठा भाऊ काहीतरी म्हणेल. दादाने सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि ती संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

दादाचं हे असंच. तुझ्या धावण्याबद्दल त्याच्या तोंडून बरा नाही की वाईट नाही, एक शब्द आला नाही. बाजारात लोक त्याला छेडत, "काय रे, तुझी बायल ऑलिम्पिकाक वता?" तो मासे निवडत राहायचा. मी धरून चाललो होतो की त्याला आवडत नाही. तुलाही तसंच वाटत असेल असं समजून मी कधी विषय काढला नाही.

मग सुरू झाले आपले आयतवार. पहाटे स्कूटरवर बसून डिचोली तालुक्यात जायचं आणि तुझ्या डोंगरात तंगड्या तोडायच्या. खाणी बंद पडलेल्या, घरांच्या दारांत ट्रक उभे, त्यांच्या चाकांतून गवत आलेलं. तुझ्या कुळारचे लोक अंगणातून बघायचे. तुझ्या मागे काय बोलायचे तेही तुला ठाऊक होतं. 'पेडण्याक दिलां आनी खुळावलां.' तू ते वाक्य मला हसत सांगितलंस, पण दोनदा सांगितलंस. जे तुला लागत नसे ते तू एकदाच सांगायचीस.

म्हणून तुला त्या गाडीची धास्ती. शर्यतीच्या शेवटी एक पिकअप येते, मागे राहिलेल्या माणसांना उचलते आणि बसवून आणते, हे तुला कळलं तेव्हा तू वाटेतच थांबलीस.

"कुळारच्या लोकांच्या फुडसून गाडयेत बसान जांव? त्यापेक्षां रांगत येयन. भावजी, आयक. शेवटचे येवया. पण गाडयेत बसाचां नाय. तू बसलंस तरी मी तुका वळखूचंय नाय."

"मी बसन, वयनी. मस्तपैकी बसन आनी तुका हात करीन."

तू मला काठी फेकून मारलीस. लागली नाही. तुझा नेम कधीच चांगला नव्हता.

आणि तो बुटांचा वाद! शर्यतीची वाट कारापूरच्या वरच्या अंगाला देवराईतून जाते. देवाचं रान. तिथलं पान कुणी तोडत नाही आणि पायांत घालून कुणी आत जात नाही. तू दर वेळी कडेला बसायचीस, बूट काढायचीस, ते हातात घेऊन अनवाणी रान पार करायचीस आणि पलीकडे पुन्हा बसून नाड्या बांधायचीस. तुझ्या नाड्यांच्या गाठी तर अशा, की म्हशीला बांधल्या तर म्हैस सुटू नये. मी वैतागायचो.

"वयनी, शर्यतीच्या दिसा असां केलंस तर गाडी येतली ती हयच. देवाक सांग एक दिस डोळे मिट म्हणान."

"तू सांग. तू नाटकात देव जातंस मां."

"जातंय. आनी पायांत चढाव घालतंय. माझ्यार अजून कोपलो नाय."

"कोपलो नाय? तोंड बघलंस आपलां?"

पण शर्यतीच्या दिवशी तू काय करणार होतीस ते काही सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "त्या दिसा बघया." बूट काढले तर वेळ जाणार, वेळ गेला तर गाडी. न काढावे तर कुळारचा देव. तुझ्या मनात काय होतं? मला अजून ते कळून घ्यायचं आहे, आणि तू भर वादातून उठून गेलीस. तुझी सवयच ती. भांडण रंगात आलं की तुला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

तापाविषयी मी बोलणार नाही. कापणीचे दिवस होते, तू शेतात उतरली होतीस, ताप आला, आणि आठवडा संपायच्या आत आम्ही तुझ्याशिवाय घरी परत आलो. पुरे.

शर्यत आली ती नेमकी दहाव्याच्या आधीच्या आयतवारी. मी ती विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो. आदल्या दिवशी दुपारी आत्या तुझी खोली आवरत होती. दोन नारंगी शर्ट घेऊन बाहेर आली, छातीवर नंबराचे कागद टाचलेले. "ह्यां काय?"

मी सांगितलं. आत्याने हात तोंडावर ठेवला. "देवा म्हज्या! सुतकात शर्यत? लोक शेण घालतले."

"जायत नाय गे आत्ये," मी म्हटलं. "कोण जाता?"

दादा चटईवर बसला होता. तू गेल्यापासून भटजींनी सांगितलेल्या मंत्रांखेरीज त्याच्या तोंडून शब्द आला नव्हता. तो म्हणाला, "जांव दे तेका."

आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

"जा तू," तो मला म्हणाला. "पण देवाच्या रानात शिरा नको. आमकां सुतक आसा, आनी तिचां कुळार तां." आणि पुन्हा भिंतीला टेकला.

झालं. मोठ्या भावाने हुकूम दिला, तोही असा की पाळला तर शर्यत संपूच नये. तुला वाट माहीत आहे. देवराई टाळायची तर खाणीच्या जुन्या रस्त्याने अख्ख्या डोंगराला वळसा घालावा लागतो. शिवाय वेळ नोंदवणारी पट्टी देवराईच्या आतल्या वाटेवर. बुटाला बांधलेली चकती त्या पट्टीवरून गेली नाही तर तुम्ही कागदावर शर्यतीतच नाही. आणि ती पिकअप? तिला रानातून वाट नाही. ती खाणीच्याच रस्त्याने येते. म्हणजे ज्या गाडीपासून तुला पळायचं होतं, तिच्याच वाटेवर मला जायचं होतं. तरी मी ठरवलं, दुसरं काही जमो न जमो, गाडीत बसायचं नाही. एवढीच एक गोष्ट तू माझ्याकडे मागितली होतीस.

सकाळी सुरुवातीला मैदानावर गाणी लावलेली, सगळे उड्या मारत होते. पणजीची, बंगळूरची पोरं, पायांना रंगीत पट्ट्या, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. त्यांच्यात मी. सुतकातली वाढलेली दाढी, पोटावर ताणलेला नारंगी शर्ट. एकाने मला विचारलं, "अंकल, फर्स्ट टाइम?" मी म्हटलं, "बाबा, बहुतेक लास्ट." तो हसला. मी पहिल्या चढाला त्याला शोधत होतो, तो केव्हाच दिसेनासा झाला होता.

वहिनी, एकट्याने धावणं फार कंटाळवाणं असतं गं. काजूच्या बागेत सगळीकडे सुकलेली पानं, पायाखाली आवाज, आणि मी प्रत्येक वळणावर थांबून मागे बघतोय, तू शिव्या घालशील म्हणून. ओहोळात घसरून बसलो. कुणी हसलं नाही. एवढं सुंदर पडलो, आणि बघणारं कुणी नाही! तिथेच पाण्यात बसून मला आठवलं की दोतोराने मागच्या महिन्यात माझी गोळी अर्धी केली होती, आणि ते मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू माझ्या डोक्यावर बसली असतीस. ठरवलं होतं, शर्यत संपल्यावर सांगेन, भरपूर भाव खाऊन. आता सांगतो. अर्धी झाली, वहिनी. तुझ्यामुळे झाली.

सड्यावर आलो तेव्हा ऊन चांगलंच लागायला लागलं होतं. पायांची लाकडं झालेली. देवराईच्या तोंडाशी बाण काढलेली पाटी, आणि पाटीपाशी एक मुलगी, शिट्टी गळ्यात. मडगावकडची ख्रिस्ती पोर. मी बाण सोडून खाणीच्या रस्त्याला वळलो तशी तिने शिट्टी वाजवली.

"अंकल! हांगासून, हांगासून!"

"हांगासून माका वचपाक जायना, बाय."

"कित्याक?"

"सुतक आसा."

"तें कितें?" तिने काळजीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "दुखता?"

मी "दुखता," म्हटलं.

मग तिला नीट सांगितलं. घरात मरण झालंय, वहिनी गेली, दहा दिवस आम्ही देवाच्या जागी जात नाही. तिने टोपी काढली. मग माझ्या शर्टाकडे बघत म्हणाली, "आमगेर मरण जाल्यार आमी काळें घालतात, अंकल. तुमी ऑरेंज?"

मी म्हटलं, "तिणेंच म्हजे खातीर काडिल्लें, बाय." तिला पटलं. पट्टी आत आहे, बाहेरून गेलात तर तुमचं नाव येणार नाही, असं तिने मला दोनदा बजावलं. मी म्हटलं नको येऊ दे. तिने स्वतःच्या डब्यातलं सोललेलं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि क्रूस काढला. तुझ्यासाठी की माझ्या पायांसाठी, विचारलं नाही.

खाणीचा रस्ता तुला माहीत आहे, लाल, रखरखीत, सावलीला झुडूप नाही. मला वाटलं होतं इथे मी एकटा असेन. तर पुढे एक बाई चाललेली. छातीवर नंबर, वय तिशीचं, टाच घासलेली, लंगडत होती. मला आनंद झाला. सुतकात सोबत! मी लगेच गाठलं आणि नाटकातल्या आवाजात विचारलं, "तुमच्या घरांत कोण गेलां?"

ती दचकली. "कोण ना, काका. सगळीं बरीं आसात."

"मागीर हे वाटेन?"

ती दुसरीकडे बघायला लागली. मग बघितलं की हा माणूस वाट बघत उभाच आहे, तेव्हा म्हणाली, "बायलांचे दिस आसतात न्ही, काका."

वहिनी, मी खाली वाकलो आणि न सुटलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

"देव मनाक लावन घेवचो ना," ती पुढे म्हणाली. "पूण आवय घेता. ती घरा विचारतली, खंयच्यान गेलें म्हणून."

आम्ही चालायला लागलो. आणि थोडं पुढे गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आयतवार! मधूनच एखाद्या आयतवारी तू देवराईच्या तोंडाशी यायचीस आणि म्हणायचीस, "आज खाणीच्या वाटेन जावया, भावजी. पाय घट जातत." मी कपाळावर हात मारायचो. एवढा मोठा वळसा कशाला, म्हणून वाटभर तुझ्या नावाने ओरडायचो. तू म्हणायचीस, हयसून वारो बरो येता. त्या रस्त्यावर वारा! मला ते पटायचंसुद्धा. मंचावर मी बायकांची दुःखं ऐकून तीन तीन पानांची भाषणं केली आहेत. आणि इथे माझ्यापुढे चालणारी बाई का वळसा घालते, ते कळायला मला तू जाऊन वर एक परकी बाई भेटावी लागली. दिराला काय सांगणार तू? वारा येतो म्हणालीस. बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी लाजून दुसऱ्या दिवशी टपरीत परत गेलो असतो.

त्या बाईला मी तुझ्याविषयी सांगत होतो, 'दीर पळालो' ऐकून ती उभीच्या उभी हसली, आणि तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. पिकअप.

गाडीवाला दोडामार्गकडचा, ओठांवर नुकती मिशी. "बसा, काका. येळ संपलो."

"कोणाचो?"

"शर्यतीचो."

"पण मी शर्यतीत नाय."

"नाय कसे? छातीर नंबर आसा मां!"

"आसा. पण पट्टीवरसून गेलंय नाय. सायबाक फोन लाव, इचार, ह्या नंबराचो मनीस तुमच्यात आसा काय."

त्याने लावला. तिकडून बराच वेळ कुणीतरी काहीतरी सांगत होतं. त्याने फोन ठेवला. "साहेब म्हणता, तुम्ही कधीच बाद जाल्यात."

"बघ! मगे वाटेन चलणाऱ्या बाद मनशाक गाडयेत घालूचो तुका काय अधिकार?"

तो विचारात पडला. एवढ्यात माझ्या सोबतीण बाईने मागचं फळकुट खाली केलं आणि आरामात वर चढून बसली. मी तिच्याकडे बघितलं. तुझी सगळी गोष्ट ऐकून ही बसली!

"म्हजें कुळार हांगा ना, काका," ती टाच चोळत म्हणाली. "माका हांगा कोण वळखना."

तुला आवडली असती ती.

गाडीवाला रडकुंडीला आला. "काका, माका शेवटच्या मनशाच्या मागसून रवाक सांगलेलां आसा."

"मगे रव मागसून."

आणि मग वहिनी, आमची वरात निघाली. पुढे मी, पाय फेंगाडे टाकत. मागे पिकअप, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. तिच्यात ती बाई, पालखीत बसल्यासारखी. खाणीच्या डोंगराला पुरा वळसा घालून आम्ही कारापुरात उतरलो. पोटऱ्या आवळून येत होत्या. एका ठिकाणी मी खरोखर दगडावर बसलो. गाडीही थांबली. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि समोर बघत राहिला. मागचं फळकुट उघडंच होतं. सावली होती आत. मी त्या सावलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. वहिनी, तुला खोटं सांगत नाही, मोह झाला. मग तुझं ते वाक्य आठवलं, तू बसलंस तरी मी तुका वळखूचंय नाय. उठलो.

तुझे लोक अंगणात आले होते. "हो कोण रे दाडयेवालो?" "पेडण्याचो. त्या आमच्या चेडवाचो दीर." मग आवाज बंद झाले. एका घरात रेडिओ चालू होता, कुणीतरी तो बंद केला. कदेलावर बसलेला एक म्हातारा उभा राहिला आणि मी जवळून जाताना म्हणाला, "चल, पुता, फुडें चडाव ना." खोटं बोलला. चढाव होता. पण 'खुळावलां' कुणी म्हटलं नाही, वहिनी. मी कान देऊन होतो.

शेवटाला पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून टाकली होती. ती कमान जमिनीवर पडलेली, दोघेजण तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होते. मी तिच्यावरूनच पाय टाकून गेलो. टाळ्या नाहीत, पदक नाही, पोह्यांचं पातेलं विसळून पालथं घातलेलं. गाडीवाल्याने तेवढं केलं, माझ्या स्कूटरला किक मारून दिली, कारण माझा पाय वर उचलत नव्हता.

घरी आलो. दुपार कलली होती. ओसरीची पायरी चढवेना म्हणून खालीच बसलो. दादा चटईवरून उठला, माझ्या पायांकडे बघितलं, आणि मागीलदारी गेला. बऱ्याच वेळाने आला तो बाल्दी घेऊन. वाफ येत होती. त्याने मीठ टाकलं, हाताने ढवळलं.

"पाय घाल."

"दादा, अरे तू कित्याक..."

"घाल."

घातले. पाणी असं होतं की जरा जास्त गरम असतं तर पाय ओढून घेतले असते आणि जरा कमी असतं तर उपयोग झाला नसता. या घरात पाणी तापवताना मी दादाला कधी पाहिलेलं नाही. मी विचारलं, तुला कसं कळलं किती गरम लागतं ते?

"तिका इतक्याच लागता," तो म्हणाला.

वहिनी, प्रत्येक आयतवारी स्कूटरवरून उतरलीस की तू तडक मागीलदारी जायचीस. कपडे भिजत घालते म्हणायचीस. मी पुढच्या अंगणात चहा पीत शेजाऱ्यांना माझे पराक्रम सांगत बसायचो. आणि मागे हा माणूस तुझ्या पायांवर पाणी ओतत असायचा. वर्षभर! तू बोलली नाहीस. तोही बोलला नाही. बोलणारा घरात मी एकटाच, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

"सांग," दादा म्हणाला.

मी सांगितलं. ओहोळात पडलो ते, संत्रं, नारंगी शर्ट, ती बाई, गाडीवाला. सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं, जसं मला सांगता येतं तसं. गाडीत बसलो नाही, हे सांगितल्यावर त्याने मान हलवली. शिट्टीवाल्या पोरीच्या 'दुखता?'ला तो हसला, आवाज न करता, खांदे हलवत. मग खांदे हलतच राहिले. मी दुसरीकडे बघत बोलत राहिलो.

मग त्याने विचारलं, "ती आसती तर? येळेर पावली आसती?"

बुटांचं काय केलं असतंस, नाड्यांना किती वेळ लागला असता, मला काही ठाऊक नव्हतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"येळेच्या आधी," मी म्हटलं. "आनी कमानीखाली बसान माका गाळी घालीत रवली आसती."

"मगे बरां," दादा म्हणाला. त्याने तांब्या उचलला आणि आणखी पाणी आणायला आत गेला. बाल्दीतलं पाणी अजून चांगलं गरम होतं. मी ते त्याला सांगितलं नाही.